तुरा सगळ्यात शेवटी: टफ्टेड कॉकेट हा चिमुकला हमिंगबर्ड शोधायचा आणि ओळखायचा कसा

टफ्टेड कॉकेटचे जे फोटो सगळीकडे फिरतात ते जवळपास सगळे नराचे असतात. डोक्यावर तांबूस-नारिंगी तुरा, मानेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली लांब पिसं, पिसांच्या टोकांवर हिरवे ठिपके, लाल चोच. हेच चित्र डोक्यात ठेवून लोक कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर जातात. मग तुरा शोधण्याच्या नादात समोरच्या झुडपावर मध पिऊन गेलेली मादी त्यांच्या लक्षातच येत नाही. मादीला तुरा नसतो, पूर्ण वाढ न झालेल्या नरालाही नसतो. उलटी चूकही होते: डोक्याची पिसं फुलवून बसलेला रूबी-टोपाझ नावाचा दुसराच हमिंगबर्ड दिसतो आणि वहीत कॉकेट लिहिला जातो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे, पाहण्याचा क्रम. आधी जागा, मग फूल, मग उडण्याची ढब, मग कमरेवरचा पट्टा, मग चोच. तुरा सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या, मधला एकही गाळू नका.

टप्पा १: हा पक्षी तिथे असू शकतो का?

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर आढळतात. भारतात त्यांची एकही जात नाही. त्यामुळे 'आमच्या अंगणात हमिंगबर्ड आला' असा मजकूर आणि सोबत पुण्याच्या किंवा पणजीच्या बागेतला फोटो आला, तर तो पक्षी बहुधा शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी असतो. शिंजीर साधारण १० सेंटिमीटरचा असतो, चोच खाली वळलेली असते आणि मध पिताना तो शक्यतो फांदीवर किंवा फुलाच्या देठावरच बसतो. फुलासमोर खरोखर तरंगत राहणारा जीव दिसला, तर हॉकमॉथ पतंगाची शक्यता धरा. डोक्यावरच्या मिशा आणि गुंडाळता येणारी सोंड पाहिली की शंका राहत नाही.

टफ्टेड कॉकेटचं शास्त्रीय नाव लोफॉर्निस ऑर्नेटस. तो पूर्व व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझील एवढ्या पट्ट्यात राहतो. या पट्ट्याबाहेर तुरेवाला छोटा हमिंगबर्ड दिसला, तर आधी दुसऱ्या नावाचा विचार करा:

- बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनाडा (क्रिकेटचे सामने पाहायला जाणारे बरेच मराठी लोक इथे उतरतात): तिथला तुरेवाला पक्षी म्हणजे अँटिलियन क्रेस्टेड हमिंगबर्ड. तुरा चमकता हिरवा किंवा निळसर, चोच काळी, मानेला लांब पिसं नाहीत.
- रिओ दि जानेरो आणि आसपासचा ब्राझील: फ्रिल्ड कॉकेट. तुरा तांबूसच, पण मानेची पिसं पांढरी आणि टोकाला हिरवी.
- पनामापासून बोलिव्हियापर्यंतचे डोंगरउतार: रूफस-क्रेस्टेड कॉकेट. तुऱ्याची पिसं बारीक, टोकदार आणि ताठ. मानेला टफ्टेडसारखा मोठा झुबका नसतो.

*तपासून पाहा:* फोटो ओळखायचा असेल तर तो कुठे काढला हे आधी विचारा. ठिकाण कळल्याशिवाय नाव सांगू नका.

यापुढचं सगळं त्रिनिदाद गृहीत धरून लिहिलं आहे. कॉकेट वंशातली ही एकच जात तिथे आहे, शिवाय ती बागेत, डोळ्यांच्या उंचीवर दिसते. शिकायला याहून सोपी जागा नाही.

टप्पा २: निघण्याआधीची तयारी

पिवळ्या तापाच्या लसीपासून सुरुवात करा. त्रिनिदादहून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र विमानतळावर दाखवावं लागतं, आणि लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच ते ग्राह्य धरलं जातं. प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. भारतात ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकिटं काढली की लगेच हे काम उरका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी त्रिनिदाद करून थेट मुंबईला यायचं ठरवलं असेल तर हा नियम त्यांनाही लागू आहे, आणि नेमके तेच तो विसरतात.

जानेवारी ते मे हे तिकडचे कोरडे महिने. पावसाळ्यात पक्षी कुठे जात नाही, पण सरींमुळे हातातले तास कमी होतात.

दुर्बीण ८ पटीची पुरते. १० पटीची घेऊन फायदा नाही, कारण हा पक्षी लांब नसतो, लहान असतो. महत्त्वाचं आहे ते दुर्बिणीचं जवळचं अंतर: २ मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसायला हवी. दुकानात घेऊन पाहताना समोरच्या इमारतीकडे रोखू नका, काउंटरवर ठेवलेल्या पेनाच्या टोकाकडे रोखा. ज्या दुर्बिणीतून ५ मीटरच्या आतलं धूसर दिसतं, ती या कामाला निरुपयोगी आहे.

पायघोळ पँट आणि लांब मोजे घ्या. तिथल्या गवतात नजरेला न दिसणारे लाल कोळीकीटक असतात, ते चावले की पुढचे काही दिवस खाज जात नाही.

टप्पा ३: अधिवास वाचायला शिका

सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो. 'दुर्मीळ दिसणारा पक्षी' म्हणजे 'घनदाट जंगलातला पक्षी' असं मनात धरून लोक सावलीतल्या पायवाटांवर तासन्‌तास चालतात. कॉकेट तिथे नाही. तो जंगलाच्या कडेला, साफ केलेल्या जागेत, शेतमळ्यात, झुडपी माळावर आणि घराभोवतीच्या बागेत वावरतो, म्हणजे जिथे ऊन पोचतं तिथे. दाट जंगलाच्या पट्ट्यात तो असलाच तर उंच फुलोऱ्यावर असतो, आणि तिथे तो खालून ओळखण्याची आशा सोडून द्या.

त्रिनिदादच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरलेली नॉर्दर्न रेंज नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर ९४० मीटरचं. या रांगेच्या उतारांवर कोको-कॉफीचे जुने मळे आहेत, आणि मळा, बाग व जंगल जिथे एकमेकांना भिडतात ती कड म्हणजे कॉकेटची जागा. कोकोला सावली देण्यासाठी तिथे इम्मॉर्टेल नावाची झाडं लावली. आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलंच झाड ते, कोरड्या महिन्यांत पानं गाळून केशरी फुलतं. त्यावर हमिंगबर्डांची गर्दी असते हे खरं, पण तुम्ही त्याच्याखाली मान वर करून उभे राहू नका. मोठ्या फुलांनी लगडलेल्या झाडाची राखण मोठे हमिंगबर्ड करतात.

कारण चोचीत आहे. कॉकेटची चोच सरळ आणि जेमतेम १ सेंटिमीटरची. लांब नळीच्या फुलाच्या तळाशी ती पोचत नाही. त्याला लहान फुलं हवीत, आणि त्या बागांमधलं त्याचं सगळ्यात आवडतं झुडूप म्हणजे व्हर्वेन. झुडूप गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच. त्यातून शेपटासारखे लांब हिरवे दांडे वर येतात, आणि एका दांड्यावर एका वेळी थोडीच जांभळी फुलं कड्यासारखी उमलतात. आज उमललेलं कडं उद्या गळतं आणि त्याच्या वर नवं उमलतं. म्हणजे एका झुडपावर मध थोडा, पण रोज. असल्या तुटपुंज्या मधासाठी मोठे हमिंगबर्ड फारसे भांडत नाहीत, आणि २ ग्रॅमच्या पक्ष्याचं त्यात भागतं. आपल्या ओळखीची घाणेरी, म्हणजे टणटणी, मुळात अमेरिकेच्या उष्ण भागातलीच. तिचे लहान फुलांचे गुच्छही तपासत चला. त्रिनिदादच्या अरिमा खोऱ्यात कोणता हमिंगबर्ड कोणत्या फुलावर जातो याचा बार्बरा आणि डेव्हिड स्नो यांनी केलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. चोच आणि फूल यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर तो अजूनही वाचावा असा आहे.

*सावधान:* साखरपाण्याच्या बाटल्यांसमोर ठाण मांडू नका. तिथे व्हाइट-नेक्ड जॅकोबिन आणि कॉपर-रम्प्ड हमिंगबर्डसारखे दांडगे पक्षी एकमेकांना हुसकावत असतात. कॉकेट बाटलीवर क्वचितच येतो. बाटल्यांचा देखावा पाच मिनिटं पाहा आणि झुडपाकडे वळा.

जागा निवडताना दोन नावं लक्षात ठेवा. अरिमा गावातून डोंगरात चढणाऱ्या ब्लांशिसूझ रस्त्यावर एसा राइट नेचर सेंटर आहे. जुन्या कॉफी-कोकोच्या मळ्यावर १९६७ साली ते सुरू झालं आणि त्याच्या व्हरांड्याभोवती व्हर्वेनची झुडपं आहेत. दुसरं, सेंट जोसेफजवळच्या माराकास खोऱ्यातली येरेट ही घरगुती बाग. दोन्हीकडे जाण्याआधी ती खुली आहेत का, पूर्वनोंदणी लागते का, हे नक्की विचारून घ्या. आणि टोबॅगोचं नियोजन करत असाल तर कॉकेटच्या आशेने करू नका. देशाच्या नावात दोन्ही बेटं असली तरी हा पक्षी त्रिनिदादचा.

टप्पा ४: एक झुडूप निवडा आणि थांबा

बागेत फेऱ्या मारत राहिलात तर कॉकेट तुमच्या पाठीमागे येऊन जाईल. भरपूर फुललेलं एक झुडूप निवडा. सूर्य तुमच्या पाठीशी आणि झुडूप ३ ते ४ मीटरवर असं उभं राहा. त्रिनिदाद विषुववृत्तापासून साधारण १० ते ११ अंश उत्तरेला आहे, तिथे ऊन लवकर डोक्यावर येतं. सकाळी ७ ते १० ही वेळ उजेडासाठी सर्वांत चांगली, नंतर वरून पडणाऱ्या उन्हात पक्ष्याची खालची बाजू काळवंडते.

मान स्थिर ठेवा आणि नजर झुडपाच्या मधल्या व खालच्या भागावर असू द्या. बहुतेकांची नजर वरच्या शेंड्यांवर खिळलेली असते, कॉकेट मात्र दांड्यांच्या मधून, पानांच्या आडून सरकत येतो. त्याला स्वतःची हद्द राखायची सवय नाही. दुसऱ्याच्या हद्दीत गुपचूप शिरून पोट भरायचं, ही त्याची रीत.

मध पिऊन झाला की तो जवळच्याच एखाद्या निष्पर्ण, उघड्या काटकीच्या टोकावर बसतो. म्हणून झुडपाच्या भोवतीच्या अशा काटक्या आधीच हेरून ठेवा. निवांत पाहायला मिळतो तो तिथेच.

*तपासून पाहा:* पाऊण तास झाला आणि एकही लहान हमिंगबर्ड आला नाही, तर दांड्यांवर ताजी फुलं आहेत का ते बघा. सगळी कडी गळून गेली असतील तर झुडूप बदला.

टप्पा ५: ओळख, याच क्रमाने

*५.१ उडण्याची ढब.* बाकीचे हमिंगबर्ड फुलासमोर झटके देतात: पुढे, मागे, बाजूला. कॉकेट संथ आणि एकसारखा तरंगतो, भला मोठा भुंगाच जणू. पंखांचा आवाजही तसाच गुणगुणता येतो. तरंगताना शेपटी वरखाली होत असते. 'हा भुंगा जरा मोठा वाटतोय' असं वाटलं की दुर्बीण उचला.

*५.२ आकार.* लांबी साधारण ६.६ सेंटिमीटर, वजन २.३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहूनही हलका. पण एकट्या पक्ष्याचा आकार हवेत जोखता येत नाही. शेजारच्या फुलाशी, पानाशी किंवा दुसऱ्या हमिंगबर्डाशी तुलना करा.

*५.३ कमरेवरचा पट्टा.* पाठ जिथे संपते आणि शेपटी सुरू होते, तिथे आडवा पांढरट पट्टा असतो. नर, मादी, पिल्लू, सगळ्यांना असतो, आणि उडताना ठळक दिसतो. त्रिनिदादमध्ये एवढ्या लहान हमिंगबर्डावर असा पट्टा दिसला की काम जवळजवळ झालं. मी तुऱ्यापेक्षा या पट्ट्यावर दहापट भरवसा ठेवीन.

*सावधान:* त्याच फुलांवर दिवसा उडणारे एलोपॉस नावाचे हॉकमॉथ येतात, आणि त्यांच्या पोटावरही असाच पांढरा पट्टा असतो. पट्टा दिसला तरी डोकं पाहिल्याशिवाय नोंद करू नका. चोच की सोंड, ते ठरवा. गयाना आणि सुरिनामच्या बाजूला आणखी सांभाळून, कारण तिथे रॅकेट-टेल्ड कॉकेटच्या कमरेवरही फिका पट्टा असतो.

*५.४ चोच.* नराची चोच लाल, टोक काळं. मादीच्या चोचीत लाल कमी आणि काळसर जास्त, म्हणून सावलीत ती सरसकट काळी वाटू शकते. रूबी-टोपाझची चोच काळीच असते.

*५.५ खालची बाजू.* नर खालून हिरवा. मादी खालून तांबूस, पोटाकडे तपकिरी होत गेलेली.

*५.६ आता तुरा आणि मानेची पिसं.* नराचा तुरा तांबूस, मानेची पिसंही तांबूस आणि त्यांच्या टोकांवर ठिपके. तुरा नेहमी उभा नसतो. उडताना आणि वाऱ्यात तो डोक्याला चिकटून राहतो आणि मानेची पिसं मागे दबतात. तेव्हा फोटोतला तो राजेशाही थाट दिसत नाही, फक्त मानेपाशी एक तांबूस झुबका दिसतो.

इथे रंगांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बरीच भांडणं यावरून होतात. कपाळाची आणि घशाची हिरवी चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिसते. कोन बदलला की ती विझते आणि तोच भाग काळा दिसतो. मानेच्या पिसांवरचे ठिपके कुणी हिरवे लिहितं, कुणी काळे, ते याचमुळे. दोघांनीही बरोबर पाहिलेलं असतं. तांबूस रंगाचं तसं नाही. तो पिसातल्या रंगद्रव्याचा रंग आहे, उन्हात, सावलीत, कुठल्याही बाजूने तांबूसच राहतो. म्हणून ओळख ठरवताना तांबूस रंग, पांढरा पट्टा आणि शरीराची ठेवण यांवर भिस्त ठेवा. चमक पाहून आनंद घ्या, निर्णय घेऊ नका.

रूबी-टोपाझशी होणारी गल्लतही यातूनच सुटते. त्याच्या डोक्याची पिसं मागे किंचित उंचावलेली असतात, आणि उजेड मिळाला की माथा माणकासारखा लाल, घसा सोनेरी पेटतो. उजेड नसताना तोच पक्षी काळपट तपकिरी दिसतो. पण त्याच्या कमरेवर पांढरा पट्टा नसतो, मानेला झुबका नसतो आणि तो कॉकेटपेक्षा चांगला मोठा असतो.

टप्पा ६: मादी की लहान नर?

दोघंही बिनतुऱ्याचे, दोघांची पाठ हिरवी आणि कमरेवर पट्टा. फरक घशात आहे. मादीचा घसा तांबूस, लहान नराचा पांढरट आणि त्यावर बारीक गडद ठिपके. घसा पाहायचा तर पक्षी समोरून आणि किंचित खालून दिसायला हवा, म्हणून तो काटकीवर बसेपर्यंत थांबा. घसा दिसला नाही तर 'तुरा नसलेला' एवढंच लिहा. अंदाजाने मादी लिहून टाकू नका.

टप्पा ७: फोटो

पहिला फोटो पाठीचा घ्या. सगळे तुऱ्यामागे धावतात आणि नंतर पट्ट्याचा एकही पुरावा हातात नसतो. पाठ, बाजू, समोर या क्रमाने घेतलेले तीन साधे फोटो एका देखण्या फोटोपेक्षा ओळखीला जास्त उपयोगी पडतात.

कॅमेरा पक्ष्यावर रोखून त्याच्या मागे फिरवू नका. तो पुढे कुठे जाणार याचा अंदाज घेऊन, अजून मध न काढलेल्या एका दांड्यावर आधीच फोकस लावून ठेवा. उडताना पंख थिजवायचे असतील तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागेल. नुसतं शरीर स्पष्ट हवं असेल तर बराच मंद शटर चालतो. फ्लॅश वापरू नका, मोबाइलवर वाजवलेल्या आवाजाने त्याला बोलावू नका, आणि फुलांवर साखरपाणी शिंपडू नका.

*सावधान:* मादी फांदीवर वाटीसारखं इवलंसं घरटं बांधते आणि त्यात दोन अंडी घालते. ती एकाच फांदीकडे वारंवार जाताना दिसली, तर तिथून मागे सरका आणि ती जागा कुणाला कळवू नका. आडोसा देणारी पानं फोटोसाठी बाजूला केली की घरटं ऊन, पाऊस आणि शिकारी पक्षी यांच्यापुढे उघडं पडतं.

टप्पा ८: नोंद जागेवरच करा

मुक्कामी परतल्यावर लिहायला बसलात तर मनातला फोटो आणि पाहिलेला पक्षी यांची सरमिसळ होते. झुडपासमोरच हे लिहून घ्या: ठिकाण, वेळ, उजेड कुठून होता, कोणतं फूल, जमिनीपासून किती उंचीवर, उडण्याची ढब, पट्टा दिसला का, चोचीचा रंग, घशाचा रंग, तुरा होता की नाही. जे दिसलं नाही त्यापुढे 'दिसलं नाही' असं लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्याचा अर्थ नंतर तुम्हालाही आठवत नाही.

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाणाचा बिंदू नेमका लावा, सगळ्या दिवसाची एकच यादी अरिमाच्या नावावर टाकू नका. पट्टा, चोच आणि घसा यांपैकी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या असतील तर जातीचं नाव लिहा. एकच दिसली असेल तर 'हमिंगबर्ड, जात अनिश्चित' हा पर्याय निवडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता त्याच झुडपासमोर परत जा. फुलांचं नवं कडं तेव्हा उमललेलं असेल.